‘सिंड्रेला मॅन’ बघायचा असेल, तर आधी रेकॉर्ड काढा

मी रिंगच्या कॉर्नरमध्ये बसणारी बाई आहे. स्टूल, बादली, टॉवेल, व्हॅसलिनची डबी आणि दोन राउंडच्या मधलं एक मिनिट, एवढीच माझी मिळकत. त्यामुळे बॉक्सिंगवरचा सिनेमा माझ्या शेजारी बसून बघायला घरचे तयार नसतात. पडद्यावरचा हिरो मार खात असतो आणि मी ओरडत असते, ‘अरे, हात वर!’ क्लबातली पोरं मात्र विचारतात, की खऱ्या बॉक्सरवरचा सिनेमा बघायचा कसा. खरं किती आणि मसाला किती, हे ओळखायचं कसं? ते इथे सांगते. उदाहरण म्हणून रॉन हॉवर्डचा 2005 चा ‘सिंड्रेला मॅन’ घेते. एक तर अमेरिकेतल्या मंदीत गोदीत राबून 1935 मध्ये हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या जेम्स ब्रॅडॉकची गोष्टच तशी आहे. दुसरं म्हणजे ती तपासायला कागद भरपूर उपलब्ध आहेत.

आधी कागद

सिनेमा लावण्याआधी ब्रॅडॉकचं बाउटचं, म्हणजे लढतींचं, रेकॉर्ड काढा. बॉक्सरेक या वेबसाइटवर मिळतं. ते नुसतं वाचू नका, वहीत हाताने उतरवा. तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, राउंड असे चारच रकाने पुरतात. निकालाच्या खुणा चटकन कळतात: डब्ल्यू म्हणजे जिंकला, एल म्हणजे हरला, केओ म्हणजे नॉकआउट, टीकेओ म्हणजे समोरचा लढण्याजोगा राहिला नाही म्हणून रेफरीने थांबवलेली बाउट, एनसी म्हणजे नो कॉन्टेस्ट, बाउट रद्द धरली. त्या काळातल्या रेकॉर्डमध्ये ‘न्यूजपेपर डिसिजन’ अशीही एक भानगड भेटते. काही राज्यांत जजनी निकाल देण्याला कायद्याने बंदी होती. मग दुसऱ्या दिवशी पेपरवाले जे लिहितील, तोच लोकांच्या लेखी निकाल.

आता 18 जुलै 1929 या तारखेखाली एक जाड रेघ मारा. त्या दिवशी ब्रॅडॉक लाइट हेवीवेटच्या जागतिक किताबासाठी टॉमी लॉफ्रनशी पंधरा राउंड लढला आणि गुणांवर हरला. लॉफ्रन शैलीदार बॉक्सर. त्याचा डावा हात सतत समोरच्याच्या तोंडावर, आणि स्वतः हाती लागायचा नाही. रेघेच्या वरचं रेकॉर्ड बघा आणि खालचं बघा. खाली, 1929 ते 1933 या पट्ट्यात, जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या बाउट जास्त आहेत.

हे का करायचं? कारण सिनेमा 1928 च्या विजयावरून उडी मारतो ती थेट 1933 च्या दारिद्र्यात. उडी दिसायला सुरेख आहे, पण तिच्यामुळे प्रेक्षकाचा असा समज होतो, की बाजार कोसळला, हात मोडला आणि चांगला चाललेला बॉक्सर रस्त्यावर आला. शेअरबाजार कोसळला ऑक्टोबर 1929 मध्ये. लॉफ्रनकडून हार त्याच्या तीन महिने आधीची. म्हणजे रिंगमधली घसरण आधी सुरू झाली होती. मंदीने त्याच्या बचतीचा आणि घराचा घास घेतला तो त्यानंतर. माझ्या मते हीच खरी गोष्ट आहे. मिळेल ती बाउट घेत, मोडका हात तसाच वापरत, थोड्या पैशांसाठी चार वर्षं हरत राहणं. पण चार वर्षांच्या हारी पडद्यावर कोण बघणार? तेव्हा तो भाग तुम्ही वहीतून वाचायचा.

रेघेखालच्या पाच तारखांना गोल करा. 25 सप्टेंबर 1933, एब फेल्डमन, नो कॉन्टेस्ट. 14 जून 1934, कॉर्न ग्रिफिन. नोव्हेंबर 1934, जॉन हेन्री लुईस. 22 मार्च 1935, आर्ट लास्की. 13 जून 1935, तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन मॅक्स बेअर. सिनेमाचा सगळा सांगाडा या पाच बाउटचा आहे. लुईसच्या नावापुढे एक छोटी फुली मारा, कारण हाच लुईस 1932 मध्ये ब्रॅडॉकला हरवून गेला होता. तेवढ्या एका ओळीत परतफेडीचा अख्खा सिनेमा आहे. हॉवर्डने तो भराभर उरकला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पहिल्यांदा गप्प बसून बघा

वही बाजूला ठेवा. एकशे चव्वेचाळीस मिनिटांचा सिनेमा आहे, पॉज न करता बघा. रडू आलं तर रडा. ब्रॅडॉक झालेला रसेल क्रो आणि त्याचा मॅनेजर झालेला पॉल जियामाटी यांनी त्यासाठीच मेहनत घेतली आहे, आणि जियामाटीला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. तपासणी दुसऱ्या खेपेला करायची. पहिल्याच खेपेला चुका काढत बसणाऱ्या माणसाबरोबर सिनेमा बघू नये, हे मी स्वतःवरून सांगते.

दुसऱ्यांदा: फक्त हात

दुसऱ्या खेपेला चेहऱ्यांकडे बघूच नका. ब्रॅडॉकच्या मनगटाखाली काय चाललंय, तेवढंच बघा.

आधी थोडं हाताबद्दल. बॉक्सरचा हात बहुधा मोडतो तो पंच चुकला म्हणून नव्हे, तर लागला म्हणून. समोरचा हनुवटी खाली घेतो आणि तुमची मूठ त्याच्या कपाळावर बसते. कपाळाचं हाड जाड, आणि तुमच्या तळव्यातली हाडं पेन्सिलीएवढी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मागची हाडं आधी जातात. नेम नीट असेल तर भार पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी यायला हवा. पण दमलेला माणूस मूठ वळवतो उशिरा आणि भार बाहेरच्या बाजूला जातो. आज हेवीवेटच्या व्यावसायिक बाउटला दहा औंसांचे ग्लोव्ह असतात; तेव्हाचे त्याहून हलके होते. आत पॅडिंग कमी, मग हाताची सगळी भिस्त पट्टीवर.

पट्टी बांधताना मी पोराला बोटं पसरायला सांगते. अंगठ्यात अडकवून पट्टी मनगटावर आणायची आणि तिथे वेढे द्यायचे, पण नस दाबली जाईल इतके घट्ट नकोत. मग मुठीच्या गाठींवर घडी घालून गादी करायची आणि बोटांच्या फटींतून पट्टी फिरवून परत मनगटाला आणायची. बांधून झालं की मूठ वळायला सांगायची. सैल हातात पट्टी ढिली वाटते, मूठ वळली की ती भरून येते. तसं झालं नाही तर सगळी सोडायची आणि पुन्हा बांधायची. आधी मोडलेला हात मी लगेच ओळखते: मूठ वळताना त्या पोराची नजर हाताकडे जाते, बाकीच्यांची माझ्याकडे असते.

हे डोक्यात ठेवून फेल्डमनची बाउट बघा. हात गेल्यावर ब्रॅडॉकचा उजवा काय करतो? गालाला चिकटून बसतो. बाहेर पडतो तो नाइलाजाने, अर्धवट. क्रोने हे चांगलं पकडलं आहे. शूटिंगच्या तयारीत त्याचा खांदा निखळला होता आणि काम पुढे ढकलावं लागलं होतं. अंग राखून लढणं त्याला शिकवावं लागलं नसणार. मधे मधे एक्स-रेसारखी हाडांची चित्रं चमकवली आहेत. मला ती आवडत नाहीत. नट इतकं नीट सांगत असताना हाड उघडून दाखवायची गरजच काय?

मग गोदीतले प्रसंग. प्लास्टर घातलेला हात दिसला तर मुकादम काम देणार नाही, म्हणून प्लास्टरला काळं बूटपॉलिश फासतात. त्यानंतर तो आकडा डाव्या हातात धरून गोणी ओढतो. इथे सिनेमा थांबवा आणि रेकॉर्डची वही उघडा. मोडलेल्या उजव्यावर विसंबून लढणारा माणूस गोदीत काम करून डाव्या हाताचा बॉक्सर झाला, ही गोष्ट पटकथाकाराने रचलेली नाही. ब्रॅडॉकच्या पुनरागमनाचं हेच कारण जुन्या लेखनातही दिलेलं असतं. ग्रिफिनच्या बाउटमध्ये दुसऱ्या राउंडला तो खाली पडतो आणि तिसऱ्या राउंडला ग्रिफिनचा निकाल लावतो. त्या पाच-सहा मिनिटांत डाव्याने किती पंच जातात आणि उजव्याने किती, ते बोटांवर मोजा. नंतर लास्की आणि बेअरच्या बाउटलाही मोजा. ही एक सवय लागली, की पुढे कुठलाही बॉक्सिंगपट तुम्हाला सहजासहजी फसवू शकणार नाही.

कॉर्नर

हे माझ्या घरचं असल्यामुळे थोडक्यात. साठ सेकंदांत कॉर्नरमध्ये आधी दातांवरचं गमशील्ड काढतात, मग श्वास, मग पाणी, जखम असेल तर तिच्यावर काम, आणि शेवटी एक सूचना. एकच. धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानात दुसरी शिरत नाही. पडद्यावरचा मॅनेजर जो गूल्ड भाषणं ठोकतो. ती प्रेक्षकांसाठी आहेत, बॉक्सरसाठी नाहीत. पण ब्रॅडॉकच्या कॉर्नरमध्ये एक वयस्कर माणूस दिसतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो अँजेलो डंडी, महंमद अलीचा खराखुरा ट्रेनर. क्रोला तयार करायला त्याला बोलावलं होतं आणि मग कॉर्नरमध्येच उभं केलं. त्याचे हात बघा. काही बोलत नाही, पण टॉवेल, पाणी, स्टूल सगळं जिथल्या तिथे. ओळीत उभ्या केलेल्या नटांमध्ये एक खरा कारागीर लगेच वेगळा दिसतो.

भाव आणि पैसे

अशा सिनेमांत ‘दहाला एक’ असा भाव कुणीतरी ओरडून सांगतंच. बेअरविरुद्ध ब्रॅडॉकचा भाव तसा होता: ब्रॅडॉकवर एक डॉलर लावा, जिंकला तर दहा मिळवा. पण हा भाव म्हणजे दोघांच्या ताकदीचं माप नव्हे. बुकीकडे पैसा कुठल्या बाजूने येतोय, त्यावर भाव हलतो, आणि त्या वेळी सगळा पैसा बेअरकडे धावत होता. का, ते रेकॉर्डमध्येच आहे: जवळजवळ वर्षभरापूर्वी बेअरने तेव्हाचा चॅम्पियन प्रिमो कार्नेरा याला पुन्हा पुन्हा जमिनीवर आणून अकराव्या राउंडमध्ये संपवलं होतं.

आणि ती तारीख कोणती? 14 जून 1934. म्हणजे ब्रॅडॉकने ग्रिफिनला हरवलं तीच रात्र, तेच लाँग आयलंड सिटीमधलं मॅडिसन स्क्वेअर गार्डन बोल. मुख्य बाउट बेअरची, ब्रॅडॉक आधीच्या भरतीच्या बाउटमध्ये. एक वर्षाला एक दिवस कमी असताना त्याच जागी दोघं समोरासमोर आले. या मैदानाचा आणखी एक लौकिक होता: तिथे किताब राखायला उतरलेला एकही हेवीवेट चॅम्पियन किताब घेऊन परत गेला नाही. 1932 मध्ये श्मेलिंगचा गेला, 1933 मध्ये शार्कीचा, 1934 मध्ये कार्नेराचा, 1935 मध्ये बेअरचा. हे सगळं उघड्या आभाळाखालचं मैदान होतं. सिनेमाने ब्रॅडॉक-बेअर बाउट टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये, छताखाली शूट केली. आवाज कोंडला जातो आणि नाट्य वाढतं, ते ठीक. पण जूनमधल्या त्या मोकळ्या रात्रीची हवा गेली.

पैशांबाबत एकच गोष्ट तपासा: सरकारी मदत. ब्रॅडॉकने मंदीत मदत घेतली आणि पैसे आल्यावर ती परत केली, हे खरं आहे. सिनेमातली सगळ्यात ‘फिल्मी’ वाटणारी गोष्ट खरी निघते, आणि गोदीतला मित्र माइक विल्सन, ज्याच्यावर आपण सहज विश्वास ठेवतो, तो मात्र रचलेला आहे. सेंट्रल पार्कमधली बेघरांची वस्ती खरी होती; तिच्यात शिरायला पटकथेला एक माणूस हवा होता, म्हणून विल्सन आला. अशी पात्रं ओळखायची सोपी खूण सांगते. जो मित्र नायकाच्या प्रत्येक वळणावर हजर असतो पण एकाही बाउटच्या नोंदीत किंवा बातमीत सापडत नाही, त्याच्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

खलनायकाची चौकशी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. खऱ्या गोष्टीवरच्या सिनेमात नायकाचे वारस खूश असतात. खलनायकाच्या वारसांचं काय म्हणणं आहे, ते आधी शोधा. क्रेग बिअर्कोने केलेला मॅक्स बेअर माजलेला आहे, बायकांबद्दल वाह्यात बोलणारा, रिंगमध्ये दोन माणसं मारल्याची घमेंड मिरवणारा. बेअरचा मुलगा, मॅक्स बेअर ज्युनियर, अभिनेता होता. बापाचं हे चित्रण त्याला मुळीच मान्य नव्हतं आणि त्याने ते जाहीर बोलून दाखवलं.

आता पुन्हा कागद. 25 ऑगस्ट 1930, सॅन फ्रान्सिस्को. फ्रँकी कॅम्पबेल दोरांना टेकलेला असताना बेअरचे पंच लागत राहिले, बाउट वेळेत थांबवली गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पबेल गेला. बेअरवर सदोष मनुष्यवधाचा आरोप आला, पुढे त्यातून तो सुटला. तो मृत्यू त्याच्या मनातून कधी गेला नाही, त्याला त्याची स्वप्नं पडायची, आणि त्याने कॅम्पबेलच्या कुटुंबाला पैशांची मदत केली, असं घरच्यांनी सांगितलं आहे. दुसरं नाव एर्नी शाफ. त्याला बेअरने ऑगस्ट 1932 मध्ये बेदम मारलं हे खरं, पण शाफ गेला तो फेब्रुवारी 1933 मध्ये, कार्नेराबरोबरच्या बाउटनंतर. मधे जवळजवळ सहा महिने. आधीचा मार कारणीभूत होता असं अनेकांनी म्हटलं. तरी ‘दोन माणसं मारली’ हा हिशेब सिनेमा जितक्या बेधडक मांडतो तितका सरळ नाही.

आणि चड्डीवरचा तारा. जून 1933 मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन काही महिने झाले होते, तेव्हा बेअर न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगसमोर उतरला तो चड्डीवर ज्यूंचा षट्कोनी तारा शिवून, आणि दहाव्या राउंडमध्ये त्याने श्मेलिंगला थांबवलं. ‘सिंड्रेला मॅन’मध्येही तो तारा त्याच्या चड्डीवर आहे, पण कुणी त्याबद्दल काही बोलत नाही. नीट बघितलं तर दिसेल. एवढा संदर्भ असलेला माणूस खलनायक म्हणून वापरायचा, तर तारा लहान करावाच लागतो.

बेअर प्रत्यक्षात रिंगमधला विदूषक होता. मधेच लोकांशी बोलायचा, पाय लटपटल्याची नक्कल करायचा, सराव अंगावर यायचा. ब्रॅडॉकविरुद्ध तो हरला त्यात ही टंगळमंगळ मोठा भाग होती. आता मला सांगा, नायकाचा विजय कशाने मोठा होतो? राक्षसाला हरवल्याने, की एका पंचात कुणालाही झोपवू शकणाऱ्या, पण कष्टाचा कंटाळा असलेल्या गुणी माणसाला पंधरा राउंड चिकाटीने कंटाळा आणल्याने? मला दुसरा सिनेमा बघायला आवडला असता.

खरी बाउट शोधा

ब्रॅडॉक-बेअर बाउटची न्यूजरील, म्हणजे त्या काळचा बातमीपट, आहे. सिनेमा संपल्यावर लगेच नको, दुसऱ्या दिवशी लावा, आणि निवेदकाचा आवाज बंद करा. पंधरा राउंड म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची लढत, अधिक चौदा मिनिटांची विश्रांती. एक तास होतो. सिनेमात सारखे बॉम्ब फुटतात. इथे दिसेल ते वेगळं: ब्रॅडॉकचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट पंच), बेअरच्या उजव्यापासून बाजूला सरकणं, क्लिंच (एकमेकांना मिठीत धरणं), पुन्हा जॅब. दोघांपैकी कुणीच खाली पडत नाही. ज्याला बॉक्सिंग येत नाही तो दहा मिनिटांत जांभई देईल. माझ्या पोरांना मी हेच दाखवते, कारण हे त्यांना जमण्यासारखं आहे.

शेवटी वहीतली पुढची पानं. बेअरनंतर दोन वर्षं कागद कोरा आहे. चॅम्पियन असून एकही बाउट नाही. 1937 च्या जूनमध्ये श्मेलिंगशी बाउट ठरली होती, आव्हानाचा हक्कही त्याचाच होता. ब्रॅडॉकच्या बाजूने ती टाळली गेली आणि ‘जो लुईस’ या बॉक्सरशी (1934 चा जॉन हेन्री लुईस वेगळा) करार झाला. गूल्डने त्यात अट घातली: किताब गेला तर लुईसच्या बाउटमधून प्रमोटरला होणाऱ्या नफ्यातला दहा टक्के वाटा, दहा वर्षं. भोळ्या गोदी कामगाराच्या गोष्टीत हे बसत नाही, म्हणून सिनेमा त्याआधीच थांबतो आणि उरलेलं अक्षरांत सांगतो. पण उपाशी दिवस काढलेल्या माणसाने एका हारेचे दहा वर्षांचे पैसे आधीच वसूल करून ठेवावेत, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

ती बाउट 22 जून 1937 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर झाली. तिचंही चित्रीकरण मिळतं. आठव्या राउंडचा नॉकआउट सगळे दाखवतात. तुम्ही पहिला राउंड लावा. ब्रॅडॉक लुईसला खाली पाडतो. कोणत्या हाताने, ते सांगत नाही. आतापर्यंत तुम्ही मोजायला लागला असाल.